नखाएवढी कोर

बाकी सगळं जुळलं, आणि तिथेच पंचाईत झाली. प्रकाशपेटीच्या दुधी काचेवर एक्स-रेच्या दोन फिल्म एकाखाली एक लावल्या होत्या. वरची कालची, खालची एकतीस वर्षांपूर्वीची. दोन्हींत वेल्डिंगची तीच राखाडी पट्टी. पट्टीच्या डाव्या टोकाला मोहरीएवढे तीन ठिपके, मग चार बोटं काही नाही, मग एकमेकांना चिकटलेले दोन, आणि पार उजवीकडे एकटाच बसलेला एक. वितळलेल्या धातूच्या पोटात अडकलेले हे बुडबुडे. इतके नियमात चालतात. पण कुठे किती अडकायचे हे त्यांचं ते ठरवतात, आणि दोन वेगळ्या टाक्यांत ते सारखे बसले असं कधी होत नाही. तेव्हा टाकी तीच, यात शंका नव्हती. फक्त खालच्या, जुन्या फिल्ममध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिपक्याच्या मधोमध एक काळी कोर होती. नखाएवढी. तिच्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. वरच्या फिल्ममध्ये त्या जागी काहीच नव्हतं. तपासनीसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काहीच नव्हतं. मोडलेलं हाड भरून येतं, फुटलेला ओठ भरून येतो. धातूतली भेग वाढते. ती भरून आल्याचं कोणी ऐकलेलं नाही. लाल गोल त्याचा स्वतःचा होता.

तपासनीसाचं काम आकाशातून पडलेल्या वस्तू ओळखायचं. कोणाच्या परसात, कोणाच्या छपरावर, एकदा तर एका दातांच्या डॉक्टरच्या मोटारीच्या टपावर काहीतरी येऊन आदळतं, पोलीस त्याभोवती दोरी बांधतात, वार्ताहर त्या दोरीला टेकून फोटो काढतात, आणि मग ती वस्तू या तीन खोल्यांच्या कार्यालयात येते. हा रॉकेटचा तुकडा की उपग्रहाचा, की शेजारच्या गच्चीवरून निसटलेलं काही, हे तपासनीसाने सांगायचं. बावीस वर्षांच्या अनुभवाने शंभरातल्या नव्वद वस्तू गच्चीवरच्या निघतात. कुकरचं झाकण, पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा, कापडदुकानातल्या पुतळ्याचं डोकं. डोकं घेऊन आलेल्या गृहस्थांनी ते भर दुपारी धूर सोडत येताना स्वतः पाहिलं होतं; 'हे डोकं आहे' एवढंच वाक्य त्यांना न दुखवता सांगायला तपासनीसाला पाऊण तास लागला. जाताना ते डोकं काखेत मारून गेले आणि दारातून म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून." लोकांचा त्याच्यावर असा विश्वास असायचा. त्याने एकदा भिंग लावून नाही म्हटलं, की नाही.

हा गोळा मात्र खरा होता. एका लाकडाच्या वखारीचा पत्रा फोडून तो आत आला आणि फळ्यांच्या चळतीवर जाऊन बसला. वखारवाल्याने कपडे धुण्याच्या टबात घालून, वर चादर पांघरून टेंपोने पाठवला. आजारी माणसाला पाठवावं तसा. मोठ्या कलिंगडाएवढा, अंगावर जळल्याचे निळे-सोनेरी पट्टे, कमरेभोवती वेल्डिंगची एकच गोल रेघ. टायटॅनियमची टाकी. असल्या टाक्या रॉकेटच्या पोटात असतात, आणि रॉकेट वाटेत जळून खाक झालं तरी त्या तेवढ्या खाली पोचतात. उचलायला दोन हमाल पुढे झाले तर एक्स-रेवाल्या बाईंनी त्यांना बाजूला सारून एकटीनेच उचलला. दोन मुलं वाढवलेल्या बाई. वजनाचा अंदाज त्यांना नजरेने येतो.

"साहेब, आत काय असेल हो?"

"काही नाही. हवासुद्धा नाही."

"म्हणजे आपल्या मोठ्या साहेबांसारखंच. बाहेरून काय ते तेज!"

त्यावर तपासनीस हसला होता. परवाची गोष्ट. या मापाच्या टाक्या एकाच कारखान्यात व्हायच्या, आणि तो कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्या एक्स-रेच्या ट्रंका याच कार्यालयाच्या तळघरात आल्या होत्या. नंबर जळून गेला होता, पण कागदांप्रमाणे अजून वर फिरत असलेल्या टाक्या सहाच. सहा पाकिटं काढली, सहाही जुळेनात. तेव्हा बाई तळघरातून लाल फितीचा गठ्ठा घेऊन वर आल्या.

"ही पण बघू?"

"त्या नापास टाक्या, बाई. त्या वर गेल्याच नाहीत."

"वर न गेलेलं खाली पडत नाही, एवढं मलाही कळतं. पण सहा पाकिटं झाली, आता सातवं कुठून आणू? माहेरून?"

सातवं पाकीट लाल फितीतच सापडलं. वर त्याच्या सत्ताविसाव्या वर्षाचं, जरा ऐटीत उजवीकडे झुकलेलं अक्षर: 'भेग. नापास.' आणि त्याखाली, चार महिन्यांनंतरच्या तारखेचा, निळ्या शाईतला, दुसऱ्याच कोणाचा शेरा: 'दुप्पट दाबाला टिकली. निकड लक्षात घेता सवलतीने स्वीकारावी.' सही अशी, की खुद्द करणाऱ्यालाही वाचता येऊ नये. त्या चार महिन्यांत तपासनीसाची बदली झाली होती. त्याला कोणी कळवलं नाही. का कळवावं? नापास लिहून बंद केलेलं पाकीट पुन्हा उघडून बघायची पद्धत तपासनिसांत नसते. पाकिटाच्या कोपऱ्यात वेल्डरचा शिक्का क्रमांक होता: सतरा. सतरा म्हणजे ताई.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि आईने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. ताई शाळा सोडून कारखान्यात झाडू मारायला लागली, मग सामान द्यायला, मग एक दिवस एका म्हाताऱ्या वेल्डरने तिच्या हातात वेल्डिंगची टॉर्च दिली आणि तिने जी रेघ ओढली ती बघून त्याने स्वतःची टॉर्च खाली ठेवली. कारखान्यात वेल्डिंगच्या रेघेला शिवण म्हणायचे. ताई शिवण घालायला बसली की श्वास धरायची. मुखवट्याच्या काळ्या काचेमागे तिचा चेहरा दिसत नसे, पण ती श्वास कधी धरते आणि कधी सोडते हे धाकट्याला तिच्या खांद्यांवरून कळायचं. इतर वेल्डर चहाचे पेले घेऊन तिच्यामागे उभे राहायचे आणि शिवण संपेपर्यंत चहा प्यायचे नाहीत. त्यालाही तिनेच तिथे चिकटवला. एक्स-रे वाचायचा अभ्यासक्रम तिच्या ओव्हरटाइमवर झाला, पहिल्या मुलाखतीला इस्त्री केलेला सदरा तिने दिला, आणि नोकरी लागल्यावरही तो तिच्याच डब्यातून जेवायचा, कारण वेगळा डबा घेऊन यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. साहेब लोक त्याला नावाने हाक मारायचे नाहीत. 'सतरा नंबरचा भाऊ' म्हणायचे. त्याला ते आवडायचं. निदान त्या सकाळपर्यंत आवडायचं, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी एक उड्डाण टाकीच्या गळतीने फसलं होतं आणि नियम कडक झाला होता: शिवणीत एक भेग सापडली की वेल्डरचा शिक्का जप्त. नुसता जप्तही नाही. सगळ्यांना बोलावून, लोखंडी ठशावरचा आकडा त्या वेल्डरनेच कानशीने घासायचा, पार गुळगुळीत होईपर्यंत. त्या सकाळी तपासनीस ताईच्या टाकीची नवीन फिल्म घेऊन अंधारखोलीकडे निघाला तर मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "घरचीच शिवण, घरचाच तपासनीस! कशाला फिल्म वाया घालवता राव, पास म्हणा आणि या चहाला." सगळे हसले. ताईही हसली. त्याचे कान तापले, आणि अंधारखोलीत, लाल दिव्यात, पाकिटातून फिल्म ओढून काढताना ते तापलेलेच होते. फिल्म धुतली, वाळली, काचेवर लावली, आणि पट्टीत ती कोर दिसली.

आता खरं तर इतकंच. पण या धंद्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. एक्स-रे मारून झाल्यावर फिल्म हाताळताना नख रुतलं, तर त्या जागी अशीच काळी कोर उमटते, हुबेहूब भेगेसारखी. ती ओळखायची सोपी युक्ती आहे. फिल्म काचेवरून काढायची आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची. भेग असेल तर फिल्म सपाट दिसते; नख असेल तर तिथे इवलासा मुरडलेला भाग चमकतो. तरी शंका राहिली तर दुसरी फिल्म काढायची. वीस मिनिटांचं काम.

तपासनीसाने जुनी फिल्म काचेवरून काढली आणि खिडकीकडे तिरपी धरली. चमकली. एकतीस वर्षं पाकिटात दाबून राहूनही ती मुरड सपाट झाली नव्हती. त्याने अंगठ्याचं नख त्यावर हलकेच टेकवलं, आणि मग कोणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून पटकन काढून घेतलं. कोणीच नव्हतं. बाई पलीकडच्या खोलीत फोनवर कोणाला तरी अभ्यासाला बस म्हणून दम देत होत्या.

म्हणजे चूक झाली. चूक होते. चूक हा तसा बरा शब्द आहे, त्यात बसायला ऐसपैस जागा असते, आणि त्यात तो मिनिटभर बसलाही. पण एक गोष्ट त्याला बसू देईना. जुनी फिल्म त्याने आत्ता तिरपी धरली ती विचार करून नव्हे. हात आपोआप गेला होता. हात नेहमीच जायचा. बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, डॉक्टरने दिलेला स्वतःच्याच छातीचा एक्स-रे; बायको चारचौघांत सांगायची, "यांच्या हातात कागद दिला की आधी उजेडाला तिरपा, मग वाचायचा." अभ्यासक्रमापासूनची खोड. मग त्या सकाळी काय हात कापला गेला होता? त्याला आठवत नव्हतं. एकतीस वर्षं त्याला आठवत होतं ते हे, की तो काचेसमोर बसला, त्याला कोर दिसली, आणि त्याने लाल पेन्सिल उचलली. मध्ये काही नव्हतं. आता मात्र त्या दोन गोष्टींच्या मध्ये एक फट दिसायला लागली, आणि फटीत खिडकी होती, कारखान्याची ती धुळकट, वरच्या बाजूने उघडणारी खिडकी, आणि तिच्यासमोर एक हात होता. काहीतरी चमकलं का? बाहेरून चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता. कोणीतरी म्हणालं, "झालं का पास?" आणि पुन्हा हसणं. दुसरी फिल्म मागितली असती तर म्हणाले असते, बहिणीसाठी मागतोय. हा विचार त्याने तेव्हा केला होता, की आत्ता करतोय आणि तेव्हाचा म्हणून त्याला चिकटवतोय? घरचा तपासनीस. एकदा तरी, एकदाच, सतरा नंबरचा भाऊ नसलेला कोणीतरी असावं, असं वाटलं होतं का? वाटलं असेल तर ते किती सेकंद वाटलं असेल? लाल पेन्सिलीने गोल काढायला दोन सेकंद लागतात.

ताईने वाद घातला नव्हता. हेच तर. तिने फिल्म बघायलासुद्धा मागितली नाही. "तुला दिसलं ना? मग असेल," म्हणाली. "तिथे हात थरथरला असेल माझा." आणि कानस मागून घेऊन सगळ्यांसमोर सतराचा आकडा घासत बसली, सात संपायला एकापेक्षा जास्त वेळ लागला. त्या दिवसापासून तिने आपल्या हाताचं नाव टाकलं. दुसरीकडे वेल्डिंगची कामं आली, ती नाही म्हणाली. पुढे एका वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायची नोकरी केली, निवृत्त झाली. धाकट्याला मुलगी झाली तेव्हा ताई इस्पितळात सगळ्यांच्या आधी पोचली, पण उभ्याने बाळ घेतलं नाही, खाली बसून, मांडीखाली उशी, दोन्ही बाजूंना उशा, आणि मग म्हणाली, "द्या आता. पडली तरी कापसावर पडेल." सगळे हसले होते. तोही हसला. कोणाला चहा भरून द्यायची नाही, अर्धा पेला. पत्ते खेळायची पण पिसायची नाही. भाचीच्या सुईत दोरा ओवायची नाही. हळूहळू तो तिचा स्वभाव झाला. माणसं म्हणायची, ताई जरा भित्र्याच आहेत. टॉर्चच्या ज्वाळेपाशी चार तास श्वास धरून बसणारी बाई!

अहवाल लिहायला घेतला तर मोठ्या साहेबांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "एवढं कशाला? टाकी जुळली, नंबर मिळाला, संपलं. तुमची जुनी फिल्म वाईट होती हे कोणी विचारलंय?" तपासनीस म्हणाला, जुळवणी त्याच फिल्मवर उभी आहे, तर तिच्यातला फरक का आहे हे सांगावं लागेल. "निवृत्तीला सात महिने राहिलेत," साहेब मायेने म्हणाले. "कशाला स्वतःच्याच पायावर?" त्याने लिहिलं. 'जुन्या फिल्मवरील कोर हा धातूतील दोष नसून हाताळणीतील नखाचा ठसा आहे. हाताळणी: प्रस्तुत तपासनीस.' वाचून पाहिलं. वाक्य निर्दोष होतं आणि त्यात निम्मंच खरं होतं.

दुपारी तो ताईकडे गेला. तिसरा मजला, दार उघडंच. समोरची शेजारीण आणि ताई पत्ते खेळत होत्या.

"ये. बूट तिथेच काढ, फरशी पुसलीय. आज कामावर नाहीस? बरं नाही का?"

"ताई, तुझी टाकी खाली आली."

"कुठली टाकी?"

"शेवटची. भंगारात गेली नव्हती. चार महिन्यांनी काढून वर पाठवली त्यांनी. जवळजवळ एकतीस वर्षं वर होती."

ताईने पत्ते पालथे ठेवले. "फुटली?"

"एका वखारीच्या पत्र्यातून आत आली. फळ्या मोडल्या. शिवण अख्खी आहे."

"अख्खी म्हणजे कशी अख्खी? नीट सांग. केसाएवढंही नाही?"

"केसाएवढंही नाही. काल एक्स-रे काढला. बुडबुडे तेवढे तुझेच. कोर नाहीच त्यात, ताई. कधीच नव्हती. फिल्मवर माझं नख लागलं होतं."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की त्याने तो शेवटचा कधी पाहिला होता ते त्याला सांगता येईना. "अगं, ऐकलंस का?" ती शेजारणीला म्हणाली. "मी केलेलं आकाशातून पडलं आणि फुटलं नाही!"

"कोणाच्या डोक्यात नाही ना पडलं?"

"पडलं असतं तर डोकं फुटलं असतं, शिवण नाही!" ताई हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला, शेजारणीने पाणी दिलं. आपले दोन्ही हात उलटसुलट करून ती बघत होती. दुकानात वस्तू बघावी तशी. मग तिचं लक्ष भावाकडे गेलं. "अरे, तू का असा तोंड पाडून? नख लागतं. एवढ्या फिल्म हाताळायच्या तर एखादीला लागणारच. तू काय मुद्दाम लावलंस? वेडाच आहेस. बस, चहा टाकते."

इथे उठावं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. चहा प्यावा, शेजारणीच्या चार विनोदांना हसावं आणि उठावं. तिची इतकी सुखाची दुपार एकतीस वर्षांत झाली नव्हती. पुढचं सांगून तिला काय मिळणार? सांगून कोणाचं मन हलकं होणार, तिचं की त्याचं? हे त्याने जिन्यात तीन मजले विचारून पाहिलं होतं. पण तिने 'तू काय मुद्दाम' असं म्हटलं, आणि ती उत्तराची वाटसुद्धा न पाहता गॅसकडे वळली. तिला दिसायची गरजच नव्हती. त्याला दिसलं होतं ना? मग असेल.

"ताई, मी फिल्म तिरपी धरली होती."

भांडं तिच्या हातात होतं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती त्याच कारखान्यात अठरा वर्षं होती.

"धरली होतीस?"

"धरली असणार."

"असणार नको. धरली होतीस की नव्हतीस?"

"धरली होती."

शेजारीण एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून, माझं दूध गॅसवर ठेवलंय म्हणत गेली. ताईने भांडं ओट्यावर ठेवलं. गॅस पेटवलेला नव्हता, तरी तिने बटण बंद आहे का ते पाहिलं.

"दुसऱ्या फिल्मला किती वेळ लागला असता?"

"वीस मिनिटं."

"वीस," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "वीस." खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. ताई खुर्चीत बसली नाही. ओट्याला पाठ लावून उभी राहिली. तो सासष्ट वर्षांच्या बाईकडे बघत होता, आणि ती श्वास धरून उभी आहे हे त्याला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"तू जा आता," ती म्हणाली. "रागाने नाही म्हणत रे. मला जरा बसायचंय. आणि तू समोर असलास की मी तुझीच काळजी करत बसते."

"उद्या येऊ?"

"उद्या नको." तिने विचार केला. "मी बोलावते."

त्याने बूट घातले. नाडी बांधायला वाकला तेव्हा ती मागे उभी असेल असं त्याला वाटलं, पण सरळ होऊन पाहिलं तर दार लागलेलं होतं. कधी लागलं ते ऐकू आलं नव्हतं. ताईने बोलावते म्हटलं आणि बोलावलं नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. पण आजवर तिला 'तू जा' म्हणायचीही वेळ आली नव्हती.

समोरच बसथांबा होता. तो बाकावर बसला. बस आली, दार उघडलं, दोघं उतरली. ड्रायव्हरने वाकून विचारलं, "काका, यायचंय का?" त्याने मान हलवली. त्या हलण्यातून हो की नाही ते ड्रायव्हरला कळेना, म्हणून तो बिचारा दार उघडं ठेवून थोडा वेळ थांबून राहिला.